गॅस संपत नसतो

३१ मेची दुपार. पुण्यातली चार मजल्यांची जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड हलत होतं. अकरा महिन्यांचा करार संपला की होते ती सगळी गडबड चालू होती: जिन्यात गाद्यांच्या वळकट्या, खाली टेम्पोत दोरीने आवळलेलं कपाट, आणि सगळ्यांत शेवटी उरलेला एसी. तो काढायला दोन पोरं आली होती. एकाने कमरेला दोर बांधून त्याचं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि तो बाहेरच्या लोखंडी अँगलवर उतरला. आउटडोअरच्या कुशीत दोन तांब्याच्या नळ्या येतात, एक बारीक आणि एक जाड. त्याने बारीक नळीच्या नटाला पाना लावून अर्धा फेरा फिरवला. फिस्स! आधी कुकरच्या शिट्टीसारखा जोरकस आणि मग पंक्चर ट्यूबसारखा बारीक होत गेलेला आवाज. नटाभोवती पांढरं धुकं, पितळेवर बघता बघता धरलेलं हिव, भिंतीवर तेलाचे चार शिंतोडे आणि त्यांचा ओशट वास. दोन-अडीच मिनिटांत सगळं शांत झालं. "गॅस काढला," त्याने आत हाक दिली. नळ्यांचं वेटोळं उघड्या तोंडांनीच खाली टेम्पोत गेलं.

आउटडोअरच्या पाटीवर लिहिलं होतं: आर-३२, ०.८० किलो.

ती दोन-अडीच मिनिटं डोक्यातून जात नाहीत. आर-३२ हा आजच्या घरगुती एसीतला त्यातल्या त्यात सौम्य गॅस. ओझोनला त्याचा धक्का नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो हवेला ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो, म्हणजे ८०० ग्रॅमचे झाले ५४० किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणाऱ्या स्कूटरवरून रोज वीस किलोमीटर ये-जा करणारा माणूस दीड वर्षात जेवढं पेट्रोल जाळेल, तेवढं त्या अँगलवर दोन-अडीच मिनिटांत आभाळात गेलं. तिथे जुना आर-२२ चा एसी असता आणि त्यात अकराशे ग्रॅम गॅस असता, तर हा आकडा दोन टनांच्या आसपास गेला असता, वर ओझोनची झीज वेगळी. आणि तोच एसी आर-२९० चा, म्हणजे प्रोपेनचा असता, तर साडेतीनशे ग्रॅमचा हिशेब जेमतेम एका किलोवर थांबला असता. गॅस बदलण्याचा एवढा आटापिटा का चालला आहे, ते या तीन आकड्यांत आहे. पण बदललेला गॅस नळीत राहतो कसा, की राहतच नाही, याबद्दल घराघरांत फारसं बोललं जात नाही.

"गॅस संपलाय, भरावा लागेल." हे वाक्य एप्रिल-मे महिन्यात प्रत्येक इमारतीत ऐकू येतं आणि ऐकणारा निमूटपणे मान डोलावतो, कारण शब्दच तसा आहे. स्वयंपाकघरातला गॅस संपतो, म्हणून एसीतलाही संपत असणार. खरं तर शेगडीतला गॅस जळतो. एसीतला गॅस कुठेच खर्च होत नाही, तो नुसता फिरतो. माठाच्या अंगावरून पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. खिडकीला टांगलेल्या वाळ्याच्या ताट्यांमधून वारा गार होऊन येतो तोही त्याच हिशेबाने. फरक एवढाच की माठाचं पाणी हवेत निघून जातं आणि रोज नवं भरावं लागतं. एसीत हीच वाफ बंद नळीत पकडून, दाबून, बाहेरच्या जाळीत पुन्हा द्रव करून परत आत पाठवतात. नळी शाबूत असेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच वाटेने जाणार.

जुन्या विंडो एसीबद्दल इथे एक चांगला शब्द बोलायला हवा. गॅसच्या दृष्टीने तो वाईटच होता, आर-२२ वर चालायचा, खडखडायचा, खोलीचा उजेड अडवायचा. पण त्याची सगळी नळी कारखान्यात ब्रेझिंगने, म्हणजे सांध्यात धातू वितळवून, जोडलेली, एका पेटीत बंद. घर बदललं तरी पेटी उचलायची आणि दुसऱ्या खिडकीत बसवायची, गॅसला हात लावायची वेळच यायची नाही. स्प्लिट आला, आवाज घराबाहेर गेला, आणि त्याबरोबर चार नवे सांधे आले: दोन इनडोअरच्या मागे, दोन आउटडोअरला. हे चारही कारखान्यात होत नाहीत. ते मे महिन्याच्या उन्हात, अँगलवर उकिडवं बसून, घाईत केले जातात. गॅस दर पिढीला सुधारत गेला आणि त्याच काळात त्याला धरून ठेवण्याचं काम कारखान्यातून निघून त्या अँगलवर आलं. या बदलातली सगळ्यांत नाजूक जागा ती आहे.

तो सांधा कसा होतो, हे एकदा जवळून बघावं. नळी कटरनेच कापायची. करवतीने कापली की कडा वाकडी येते आणि तांब्याचा भुसा आत जातो. मग नळीचं तोंड खाली धरून आतली धार रीमरने काढायची, म्हणजे कीस आत न पडता जमिनीवर पडतो. नट आधी नळीत ओवायचा. तो विसरला तर केलेली सगळी फ्लेअर, म्हणजे नळीचं फुलवलेलं तोंड, कापून टाकावी लागते. मग फ्लेअरिंग टूलने तोंड ४५ अंशांत फुलवायचं. आर-३२ साठी पाव इंची नळीचं फुललेलं तोंड सुमारे ९ मिलिमीटर आणि अर्धा इंचीचं साडेसोळा मिलिमीटरच्या जवळपास यायला हवं. आत बोट फिरवलं तर आरशासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. एक केसाएवढी रेघ दिसली तरी ते तोंड बाद. नट आधी हाताने चार-पाच आटे बसवायचा, तो तिरका गेला तर लगेच कळतं. मग दोन पाने: एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. पाव इंचीला १४ ते १७ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. हे मोजायला टॉर्क पाना लागतो, आणि तो बहुतेक पिशव्यांत नसतो. मग अंगातल्या जोरावर काम होतं. कमी आवळलं तर पहिल्या महिन्यात गळतं. जास्त आवळलं तर तांबं पातळ होऊन मानेवर चिरतं आणि दोन उन्हाळ्यांनी, कंप्रेसरच्या थरथरीने, हळूहळू गळतं. दुसरी गळती जास्त वाईट, कारण तोवर कोणाला काही आठवत नसतं. आणि बिऱ्हाड हलवताना जुनं फुललेलं तोंड तसंच वापरण्याचा मोह होतो. एकदा दाबलं गेलेलं तांबं नव्या नटाखाली पुन्हा नीट बसत नाही. इंचभर कापून नवं तोंड करायला पाच मिनिटं पुरतात.

गॅस बदलला तसा दाबही बदलला. आर-२२ च्या चालू एसीत जाड नळीच्या बाजूला गेज ६५-७० पीएसआय दाखवायचं. आर-३२ ला तेच ११५ ते १३५ च्या घरात जातं. बंद पडलेल्या आर-३२ च्या यंत्रातही तीस अंशांच्या दुपारी २६० पीएसआयच्या आसपास दाब असतो. जुना सांधा जे निभावून न्यायचा ते नवा निभावत नाही. तेलही बदललं. आर-२२ सोबत खनिज तेल चालायचं. मधल्या काळात आलेल्या आर-४१०ए सोबत आणि आर-३२ सोबत पॉलिएस्टर तेल लागतं, आणि ते तेल हवेतली ओल मिठासारखं शोषून घेतं. कोकणात किंवा जूनच्या मुंबईत नळीचं तोंड तासभर उघडं राहिलं तर आत गेलेली ओल त्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते, ते आम्ल कंप्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, आणि तीन वर्षांनी "कंप्रेसर उडाला" असं कळतं.

म्हणून व्हॅक्यूम पंप. नळ्या जोडल्या की आधी कोरडा नायट्रोजन पाटीवर दिलेल्या मर्यादेत भरून दाब धरतो का ते बघायचं, चारही सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. मग नायट्रोजन सोडून पंप लावायचा आणि मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली आणायचं. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, म्हणजे आत जवळजवळ काहीच उरू द्यायचं नाही. एवढ्या पोकळीत नळीतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून निघून जातं. मग पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा थोडा चढून थांबला तर थोडी ओल आहे; चढतच राहिला तर सांधा गळतो आहे. हा सगळा वेळ वाचवण्यासाठी जो उपाय चालतो तो असा: आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा आणि आतलाच गॅस सोडून नळीतली हवा ढकलून बाहेर काढायची. आर-२२ च्या काळात ही रीत पडली आणि हातांत मुरली. तिच्यात गॅस जातो, ओल आतच राहते, आणि आर-३२ किंवा प्रोपेनच्या बाबतीत पेट घेणारा वायू थेट कामाच्या जागी सोडला जातो.

यात अँगलवरच्या पोराला दोष देऊन भागणार नाही. त्याला कॉलमागे पैसे मिळतात, तासामागे नाही. मे महिन्यात पुढच्या घरातून फोन वाजत असतो. पंप दहा-बारा किलोचा, तीन मजले लिफ्ट नाही. ग्राहक गॅसचे पैसे कुरकुर न करता देतो, पण "नुसती हवा काढायला अर्धा तास कशाला?" असं विचारतो. त्या अर्ध्या तासाची मजुरी बिलावर वेगळी लिहिली जावी आणि आपण ती मागून द्यावी, असं मनापासून वाटतं.

काही गळत्यांमध्ये मात्र कोणाच्याच हाताची चूक नसते. खाडीकाठच्या, नाल्याकाठच्या घरांत इनडोअरची कॉइल दोन-तीन वर्षांत काळी पडते. सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडक्या अंड्यांचा वास, तांब्यावर काळा थर धरतो आणि सुईच्या अग्राएवढी भोकं पाडतो. दुसरा प्रकार आणखी लपलेला: लाकडी फर्निचरच्या गोंदातून, पॉलिशमधून, फरशी पुसायच्या काही द्रवांतून निघणारी फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांची वाफ ओल्या कॉइलवर बसते आणि तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे खणते. डोळ्यांना एखादा ठिपकाच दिसतो. अशा कॉइलवर डाग देत बसण्यापेक्षा ती बदलावी, आणि नवी घेताना संरक्षक लेप असलेली मागावी.

गॅस कमी झाला आहे की दुसरंच काही, हे ओळखणं अवघड नाही. आधी फिल्टर आणि बाहेरची जाळी बघायची. धुळीने वारा अडला तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि निदान "गॅस संपला" असंच होतं. दोन्ही स्वच्छ असतील आणि तरी चालू एसीत आउटडोअरजवळ बारीक नळीवर हिव दिसत असेल, इनडोअर कॉइलचा एकच कोपरा गार आणि बाकीची कोमट लागत असेल, तर गॅस कमी आहे. सांध्याभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर भोक तिथेच. भरताना गेजवर विसंबू नये. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर वेग बदलत राहतो आणि दाबाचा काटाही त्याच्याबरोबर हलतो. उरलेला गॅस काढून घेऊन, व्हॅक्यूम करून, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाटीवर लिहिलेले ग्रॅम मोजून भरायचे. नळी ठरल्यापेक्षा लांब असेल तर पाटीवर किंवा पुस्तिकेत मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे तेही दिलेलं असतं. आर-३२ मध्ये हे मोजमाप जास्त महत्त्वाचं, कारण तो मुळातच कंप्रेसरमधून जास्त गरम होऊन बाहेर पडतो. गॅस कमी असेल तर तेल अक्षरशः भाजतं.

प्रोपेनचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो: स्फोट झाला तर? प्रश्न रास्त आहे. दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन तिच्यात सारखं पसरलं तर घनमीटरला अकरा ग्रॅम होतं, आणि पेट घ्यायला किमान ३८ लागतं. आर-३२ चे आठशे ग्रॅम पसरले तर पंचवीस ग्रॅम, आणि त्याची मर्यादा ३०७. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये याच कुळातला १४.२ किलो वायू असतो. आपल्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, कित्येक वर्षं मुकाट्याने फिरतो आहे. भारतात गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनचा घरगुती एसी बाजारात आणला, म्हणजे हे प्रयोगशाळेतलं स्वप्नही नाही. पण हिशेबात "सारखं पसरलं तर" आहे, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो. म्हणून प्रोपेनच्या यंत्रात रिले, स्विच, जोडण्या ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बंद केलेल्या असतात, गॅस कमीत कमी ठेवलेला असतो, आणि खोली किमान किती मोठी हवी ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. खरा धोका वेगळीकडे आहे: जुन्या आर-२२ च्या एसीत "स्वस्त आणि जास्त गार" म्हणून प्रोपेन किंवा चक्क शेगडीचा गॅस भरण्यात. त्या यंत्राच्या रिलेमध्ये ठिणगी उघड्यावर पडते, पाटीवर आर-२२ लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी दुसराच मेकॅनिक त्या पाटीवर विश्वास ठेवून ब्रेझिंगचा टॉर्च पेटवतो. ज्या यंत्राला जो गॅस, तोच त्यात. यात तडजोड नको.

१ जानेवारी २०२५ पासून देशात नव्या यंत्रांत आर-२२ भरणं थांबलं, दुरुस्तीपुरता तो अजून काही वर्षं मिळत राहील. आर-३२ सारख्या वायूंनाही मुदत आहे. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने २०२८ मध्ये त्यांचा वापर गोठवायचा आहे, मग २०३२ पासून पायरी-पायरीने उतरत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर खेळणारी मुलं तेव्हा संसाराला लागलेली असतील. एक गोष्ट इथे बोलून दाखवावीशी वाटते. ६७५ हा आकडा शंभर वर्षांचा. आर-३२ हवेत पाचेक वर्षंच टिकतो, म्हणजे त्याची सगळी आच सुरुवातीलाच लागते. वीस वर्षांचा हिशेब मांडला तर तो अडीच हजारांच्या आसपास जातो. दुसऱ्या पारड्यात वीज आहे. एसीने वर्षाला आठशे युनिट घेतले तर आपल्या कोळशाच्या विजेचे साडेपाचशे किलोंच्या आसपास होतात, आणि गळका एसी जास्त वेळ चालून ते वाढवतो. त्यामुळे भोक एकदाच बुजवलं तरी बचत दोन्हीकडे होते. सध्या घरासाठी निवड करायची तर पाच ताऱ्यांचा आर-३२ किंवा आर-२९०, जो नीट बसवणारा माणूस जवळ आहे तो घ्यावा. बसवणारा आधी बघावा, तारे नंतर.

आणि त्या अँगलवर करायला काय हवं होतं? पंप-डाऊन. कंप्रेसर चालू असलेल्या कुठल्याही स्प्लिटचा गॅस त्याच्याच आउटडोअरमध्ये गोळा करता येतो. जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावायचं, एसी कूलिंगवर सक्तीने चालू ठेवायचा, पाच-दहा मिनिटं स्थिर होऊ द्यायचा. दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या काढून ॲलन कीने आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा. आता आउटडोअर नुसता ओढतो आहे, बाहेर काही सोडत नाही. गेजचा काटा खाली येतो, एक-दोन मिनिटांत शून्याच्या किंचित वर पोहोचतो. त्याच क्षणी जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच एसी बंद. शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि काटा खाली यायला तयारच नसेल, किंवा नळी कुठे तुटलेली, नट ढिला असेल, तर हे करायचंच नाही: कंप्रेसर हवा ओढतो, हवा आणि तेल एकत्र दाबलं गेलं की डिझेल इंजिनसारखं पेटतं आणि कंप्रेसर फुटतो, माणसं दगावली आहेत त्यात. अशा यंत्राचा गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्यायचा, सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर न भरता. सगळं ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट लावायच्या, मग नट सोडायचे. तेव्हाही फिस्स होतं, पण चिमटीएवढं. शेवटी नळ्यांची चारही तोंडं आणि व्हॉल्व्हची तोंडं बुचाने, नाहीतर निदान चिकटपट्टीने बंद करायची.

टेम्पो निघाला तेव्हा सिंहगडाच्या बाजूने वळिवाचे ढग चढले होते. कात्रजच्या अलीकडेच थेंब सुरू झाले असणार. कपाटावर ताडपत्री होती. वेटोळं केलेल्या नळ्या मागच्या फळीला टांगल्या होत्या, आभाळाकडे तोंड करून.